पत्र्यावरचे दगड काढायचे कुणी?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हलली. पहिला धक्का ४.५ रिश्टरचा, मागोमाग दुसरा ३.६ चा. फार मोठं नुकसान झालं नाही. त्यानंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने जे आवाहन काढलं, त्यात एक सूचना अशी होती की घराच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड लोकांनी काढून घ्यावेत. १० जुलैला पुन्हा तेवढ्याच ताकदीचा धक्का बसला. तेव्हाही गावोगाव पत्र्यांवर दगड होते. आजही आहेत.

लोक सांगितलेलं ऐकत नाहीत, असा अर्थ यातून चटकन काढला जातो. पण मराठवाड्यात पत्र्यावर दगड कुणी हौसेने ठेवत नाही. एप्रिल-मे महिन्यात अवकाळीचं वारं सुटलं की पत्रे उडतात. उघड्या घरात धान्य भिजतं ते वेगळंच, उडालेला पत्रा ज्याच्या अंगावर येतो तो वाचला तरी जायबंदी होतो. म्हणून माणूस चार-दोन मोठे धोंडे वर चढवतो, कुणी जुनं टायर टाकतो, कुणी वाळूची पोती. दगड ठेवला तर भूकंपात तो लेकरांच्या डोक्यात पडणार, काढला तर मेच्या वावटळीत पत्राच जाणार. जिल्ह्याच्या कार्यालयातून निघालेल्या सूचनेला भूकंप दिसत होता, घरमालकाला दोन्ही दिसत होते. आणि भूकंप कधीतरी होतो, वावटळ दरवर्षी येते. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला हुक-बोल्टने कसायचा, बोल्टखाली रबरी वॉशर घालायचा म्हणजे गळत नाही. बाजाराच्या गावातला कोणताही वेल्डिंगवाला हे काम एका दिवसात करून देतो. पण हे सांगणारा, गावातल्या अशा घरांची यादी करणारा, ज्याला तेवढेही पैसे जड आहेत त्याला ते देणारा आणि पाऊसकाळाआधी काम झालं की नाही हे बघणारा माणूस आपल्या सगळ्या आपत्ती व्यवस्थापनात कुठेच नाही. सूचना देणारा जिल्ह्याला बसतो, पंचनामा करणारा नुकसान झाल्यावर येतो. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि माणसं मरतात ती त्याच जागेत. माझं म्हणणं एवढंच आहे की ही जागा गावाने भरायची आहे, त्यासाठी गावाला अधिकार आणि थोडा पैसा नियमाने मिळाला पाहिजे, आणि तो आपत्तीच्या आधी मिळाला पाहिजे.

मराठवाड्याबाबत हे अधिक आग्रहाने म्हणायला हवं, कारण इथे एकाच गावाला सगळं सोसावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता आणि पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. पाचच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच मांजरेच्या आणि तेरणेच्या काठावरून लोकांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. सप्टेंबर २०२५ ने तर धाराशिव, बीड, जालना, लातूर, नांदेड कुणालाच सोडलं नाही. भूम-परंड्याकडे सीना आणि तिच्या उपनद्यांनी शेतांतली माती अशी खरडून नेली की खाली नुसता मुरूम राहिला. याच जिल्ह्यांत २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांचा खच पडला होता. मंत्रालयात दुष्काळाची फाईल वेगळ्या टेबलावर असते, पुराची वेगळ्या आणि भूकंपाची आणखी कुठल्या तरी. गावात या सगळ्यांचा पत्ता एकच असतो.

आता किल्लारीकडे वळू. ती मराठवाड्याची सगळ्यात मोठी जखम आहे आणि, माझ्या मते, सगळ्यात नीट न वाचलेला धडाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, ६.२ ते ६.४ रिश्टरचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात गेला. पण नकाशाला माहीत नव्हतं ते किल्लारीला माहीत होतं. १९९२ च्या ऑगस्टपासून तिथे धक्के बसत होते, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक बऱ्यापैकी मोठा होता. वर्षभर जमीन इशारा देत होती आणि त्या इशाऱ्याचं काय करायचं हे ठरवणारं कुणीही गावात नव्हतं.

माणसं मेली ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये नुसता चिखल, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा लांब दगड नाही आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढत गेला. धक्का बसल्यावर भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि सगळी माती खाली आली. ज्या घरांत माळवद भिंतीवर न टेकता सागवानी खांब-तुळयांच्या खणावर उभं होतं, अशी काही घरं भिंती पडूनही तगली. जुने सुतार काय करत होते, हे तिथे उघड्यावर पडलेलं दिसत होतं.

पुनर्वसन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नव्या जागी वसवलेली ५२ गावं येतात. रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, सिमेंटची घरं. मंत्री, देणगीदार आणि छायाचित्रकार तिथे गेले, आणि ते साहजिक होतं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. जी घरं पूर्ण पडली नव्हती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचं होतं. सरकार हप्त्याहप्त्याने पैसे आणि साहित्य देणार आणि अभियंते मार्गदर्शन करणार. माळवदावरची माती कमी करायची, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरकस आधार ठोकायचे, भिंतीत आरपार सिमेंटचे बांध घालायचे, वरून भिंतीला पट्टा बांधायचा. दीड लाखाहून जास्त घरांचं काम होतं. सुरुवातीला ते रखडलं, कारण बाईला विचारल्याशिवाय घरात काही होत नाही आणि अभियंता बोलत होता गड्याशी. मग गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हे काम उभं केलं. या बायका घरोघर जाऊन पैसे कधी येणार, कशासाठी येणार, कोणता दगड कुठे बसवायचा हे सांगत आणि अभियंत्याला घरमालकिणीची अडचण सांगत. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना शिकवायला गेल्या. ज्या औसा-उमरग्याकडच्या बाईने कधी एसटीने सोलापूर ओलांडलं नव्हतं, ती भुजमध्ये जाऊन घर कसं बांधायचं हे सांगत होती. मराठवाड्याच्या मागासलेपणावर व्याख्यानं देणाऱ्यांनी हा प्रसंग कधीतरी आठवावा.

आणि मग प्रकल्प संपला. संवाद सहायक हे पदही संपलं. आज मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात असं पद नाही. बचत गट आहेत, आशा ताई आहेत, अंगणवाडी ताई आहेत आणि त्या आधीच कामाच्या ओझ्याखाली दबल्या आहेत. पण गावातलं कोणतं घर कमकुवत आहे, कोणती म्हातारी एकटी राहते, कोणाच्या घरात गरोदर बाई आहे, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना आपत्तीच्या आराखड्यात नाव नाही आणि त्या कामाचा पैसाही नाही. तेव्हा जे सापडलं होतं ते आपण जपून ठेवलं नाही. नवी गावं जपली, कारण ती दिसत होती.

किल्लारीतून लोकांनी एक चुकीचा धडाही घेतला. दगड मारतो आणि सिमेंट वाचवतं, असं एक समीकरण बसलं. परिणामी आज नदीकाठच्या वस्त्यांत कॉलम-बीमशिवाय नुसत्या विटांच्या भिंतींवर जड स्लॅब टाकलेली घरं उभी आहेत आणि ती सुरक्षित समजली जातात. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, ही बातमी वर्षानुवर्षं छापून येते. लोक घाबरून बाहेर येतात, अधिकारी येऊन जातात, घाबरू नका म्हणतात. घाबरू नका म्हणण्याऐवजी त्या पंचवीस-तीस गावांतल्या गवंड्यांना बोलावून पाच दिवस भिंत कशी बांधायची हे दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं. गवंडी आयुष्यभर घरं बांधत राहतो, अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते.

पुराचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे गावाच्या हाताबाहेरच्या गोष्टी जास्त आहेत. गोदावरीवर निदान वेळ मिळतो. नाशिककडे पडलेलं पाणी नांदूर मधमेश्वरवरून जायकवाडीला येतं आणि तिथून दरवाजे उघडले की पैठण, गेवराई, माजलगाव, पाथरी, गंगाखेडची काठावरची गावं एकामागून एक सावध होऊ शकतात. सीना, बिंदुसरा, लेंडी यांच्यावर तेवढा वेळ नसतो. रात्री डोंगरावर आभाळ फाटलं तर पहाटे गावात पाणी असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात असंच झालं. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या लेंडी धरण प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं आणि हसनाळमध्ये माणसं दगावली. ही गावं प्रकल्पबाधित, पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडलेला. अशा ठिकाणी गावाने तयारी करावी म्हणणं हे सरकारने आपली जबाबदारी झटकणं ठरेल, असा आक्षेप कुणी घेतला तर तो मला मान्य आहे. ज्या गावाला उठवायचं ठरलं आहे ते पाणी अडवण्याआधी उठवलंच पाहिजे, तिथे भोंगे आणि दोरखंड देऊन भागत नाही.

पण इतर ठिकाणी जे शक्य आहे तेही होत नाही, त्याचं काय? धरणातून पाणी सोडताना निरोप येतो तो क्युसेकमध्ये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आकडा येतो, सरपंच तो पुढे ढकलतो आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजतो. इतके हजार क्युसेक म्हणजे पाणी माझ्या गोठ्यापर्यंत येणार की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. काठावरच्या म्हाताऱ्यांना मात्र कळतं. २००६ ला पाणी महादेवाच्या कितव्या पायरीला लागलं होतं आणि २०२१ ला कुठपर्यंत आलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पाटबंधारे विभागाकडे त्या त्या तारखेचे विसर्गाचे आकडे आहेत. हे दोन्ही एकत्र बसवून प्रत्येक गावाच्या खांबावर रंगाने खुणा करायच्या: एवढं पाणी सुटलं की स्मशानाचा रस्ता जातो, एवढं सुटलं की खालची वस्ती हलवायची. याला ना उपग्रह लागतो ना सल्लागार कंपनी. एका शाखा अभियंत्याची एक दुपार आणि गावातले चार म्हातारे, एवढ्यावर हे होतं.

खालची वस्ती, हा शब्द आला म्हणून सांगतो. नदीकाठाला, ओढ्याच्या वळणावर, सखल जागेत कुणाची घरं असतात हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. पूर जात बघत नाही असं म्हणतात. पूर बघत नसेल, पण शतकांपूर्वी ज्यांनी घरांच्या जागा ठरवल्या त्यांनी जात बघितली होती, आणि पूर त्याच जागांवर येतो. म्हणूनच गावाला अधिकार द्या म्हणताना मला गावाबद्दल भाबडेपणा नाही. ज्या गावात दोन गट आहेत तिथे मदतीची यादी एका गटाची होते. पंचनाम्यात कुणाचं नाव येतं आणि कुणाचं गळतं, याच्या कहाण्या प्रत्येक अतिवृष्टीनंतर ऐकू येतात. तरीही माझं मत बदलत नाही, कारण जिल्ह्याला अधिकार असताना ही यादी निष्पक्ष होते असंही नाही. ती फक्त दुरून होते. यादी गावातच चावडीच्या भिंतीवर लिहिली गेली, ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, महिला ग्रामसभेत आधी तपासली गेली, तर गळालेलं नाव सांगणारं माणूस निदान समोर असतं. तहसीलच्या कपाटातल्या यादीवर बोट ठेवायला कुणाला जागाच नसते.

आपल्या मदतीची रचनाही बघा. शेतीची मदत सातबाऱ्यावरून ठरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. मंडळातलं पर्जन्यमापक एका गावात असतं आणि त्याखाली दहा-पंधरा गावं असतात, म्हणजे ढग कुठे फुटला यापेक्षा यंत्र कुठे बसवलं यावर हिशेब सुरू होतो. मग पंचनामा, मग केवायसी, मग खात्यावर रक्कम. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं असं त्यात होतं. मदत द्यायलाच हवी होती आणि मोठी होती, हे मान्य करायला हरकत नाही. पण बटईने शेत करणाऱ्याचं सातबाऱ्यावर नाव नसतं. शेतमजूर बाईचं तर नसतंच. तिचा दोन महिन्यांचा रोजगार पाण्यात गेला, तो कोणत्या रकान्यात लिहायचा? भिजलेली ज्वारी, लेकरांची दप्तरं, पिठाच्या गिरणीची मोटार. पॅकेजचा आकडा कितीही मोठा केला तरी त्यातला मोठा वाटा जमिनीच्या मालकापाशी येऊन थांबतो. पूर्वतयारीचं तसं नाही. खांबावरची खूण, वाजणारा भोंगा आणि उंचावरची शाळा यांना सातबारा लागत नाही, आणि भूमिहीनाला तयारीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो यामुळेच.

विजेबद्दल थोडक्यात. मराठवाड्यात मे-जून आणि परतीच्या पावसात वीज पडून जाणारी माणसं बहुतेक शेतात काम करणारी असतात, आणि जनावरं झाडाखाली बांधलेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप केलं आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता ते थोडं आधी सांगतं. चांगलं आहे. पण कापूस वेचणाऱ्या दहा बायांत स्मार्टफोन एखादीकडे असतो आणि तोही बांधावर पिशवीत. देवळावर आणि मशिदीवर भोंगे आहेत, ग्रामपंचायतीकडे माइक आहे. फोनवरचा इशारा त्या भोंग्यावरून शिवारात पोचवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहिली तर हे काम होतं. माणूस मेल्यावर वारसांना चार लाख मिळतात, आधी माइकवरून ओरडणाऱ्या कोतवालाला काहीच मिळत नाही.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर एक उदाहरण आपल्याच व्यवस्थेत आहे. पाणीटंचाई. पाऊसकाळ संपला की भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि कोणत्या गावाला कधी पाणी कमी पडेल याचा अंदाज देते. त्यावरून दरवर्षी टंचाई आराखडा होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे तीन टप्पे. कुठे विहीर अधिग्रहित करायची, कुठे विंधन विहिरीची दुरुस्ती, कुठे टँकर हे गावनिहाय लिहिलेलं असतं. या आराखड्याची टिंगल करता येते, टँकरच्या फेऱ्यांचं काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुद्दा असा की आपत्ती येण्याआधी गावाचं नाव घेऊन, महिना लिहून, पैशाची तरतूद करून काम करणं आपल्या महसूल खात्याला येतं. गेली कित्येक दशकं ते येतं. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला, त्याच प्रशासनाची ही परंपरा आहे. मग टंचाई आराखड्यासारखाच पूर, वीज, वादळ आणि भूकंपाचा एकच गाव आराखडा दर एप्रिलमध्ये का होऊ नये? जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडे आहेत, संकेतस्थळावर टाकलेले आहेत, बरेचसे दूरध्वनी क्रमांकांनी भरलेले. त्यातले काही क्रमांक बदली झालेल्यांचे असतात, हे मी ओघात सांगतो.

कायदा आड येत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ४१ व्या कलमात स्थानिक संस्थांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं आणि साधनसामग्री सज्ज ठेवावी असं म्हटलं आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत पंचायतीही स्थानिक संस्थाच आहेत. पैसाही आड येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी करताना ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्उभारणीला, १० टक्के पूर्वतयारी आणि प्रशिक्षणाला आणि २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांना, अशी विभागणी घालून दिली. म्हणजे जवळपास एक तृतीयांश रक्कम आपत्तीच्या आधी खर्च व्हावी असा विचार दिल्लीत झालेला आहे. गावात त्यातलं काय दिसतं? तालुक्याला एखादी रबरी बोट दिसते, आणि ती गावाकडे निघेपर्यंत रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला असतो. तेवढ्या वेळात गावातले पोरं ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि गुळाची काहील घेऊन चार घरं रिकामी करून मोकळी झालेली असतात. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं गेलं. ते जिल्ह्याच्या यादीतल्या मोजक्या तरुणांना मिळालं. काहिलीत बसून पुरात उतरणाऱ्या भोयाच्या पोराला लाइफ जॅकेट कुणी दिलेलं नसतं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला त्या दहा आणि वीस टक्क्यांमधून दरवर्षी ठरावीक रक्कम थेट मिळावी, आणि ती कशावर खर्च करायची हे १ मेच्या ग्रामसभेत ठरावं. १ मे ही तारीख मी मुद्दाम म्हणतो. ती ग्रामसभा कायद्याने होतेच, आणि पाऊस त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी येतो. कुठे पत्र्यांचे हुक, कुठे शाळेच्या माळवदाची डागडुजी, कुठे ओढ्यात साचलेला राडारोडा काढणं, कुठे जुन्या पाझर तलावाच्या फुटक्या सांडव्याची दुरुस्ती. हा शेवटचा विषय गंभीर आहे. दुष्काळी कामांत बांधलेले तलाव देखभालीविना पडून आहेत, त्यांच्या भरावावर बाभळी वाढल्या आहेत आणि ढगफुटीत तोच तलाव फुटून खालच्या शेतात येतो. मजा अशी की त्याच तलावांत पिढ्यानपिढ्यांचा गाळ साठलेला आहे आणि खाली माती खरडून गेलेलं वावर आहे. गाळ काढण्याची योजना वेगळ्या खात्याची, जमीन दुरुस्तीची वेगळ्या खात्याची. त्यांना एकाच कामात बांधण्याचं शहाणपण गावाला आहे, पण सही करायचा अधिकार नाही.

या कामासाठी गावात एक माणूस हवा, आणि तो शक्यतो बाई असावी. संवाद सहायक हे पद परत आणा, मानधनासकट. आशा ताईंवर आणखी एक रजिस्टर लादू नका. पोलीस पाटील आणि कोतवाल तिच्यासोबत असावेत, पण यादी तिच्याकडे असावी. तलाठ्याकडे चार-पाच गावं असतात आणि बहुतेक जण तालुक्याला राहतात, रात्री दोन वाजता त्यांच्याकडून काही अपेक्षा करणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

एका गोष्टीची नोंद मात्र कोणत्याच आराखड्यात मी पाहिलेली नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना, परभणीतल्या शेकडो गावांतून ऊसतोड टोळ्या निघतात. वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात. आराखड्यात ज्या तरुणांची नावं बचाव पथकात लिहिली आहेत ती तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात, आणि तिकडे त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, वीज पडली किंवा आग लागली तर तिथल्या आराखड्यातही ती नसतात. भूकंपाला ऋतू नसतो. कोण जाणार, कधी परतणार, मागे राहणाऱ्यांत ट्रॅक्टर कुणाला चालवता येतो, कोणत्या म्हातारीला उचलून न्यावं लागेल आणि रात्री तिच्या दाराशी कोण जाईल, हे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारून लिहून ठेवता येतं. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो तेव्हा त्याच्याकडे नावांची यादी तयारच असते. ग्रामपंचायतीने ती मागून घ्यायची आहे.